अकरा वर्षांचा आय७-५९६०एक्स आणि भाच्याचा गेमिंग पीसी: कामाच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

दादाच्या (मावसभाऊ, लग्नाच्या शूटिंगचं काम करतो) स्टुडिओतला जुना एडिटिंग पीसी आज शेवटी इंदूरच्या पलासिया भागातून उचलून आणला. दिवाळीआधीच त्याने नवी मशीन घेतली, तेव्हापासून ही लाइटच्या स्टँडांमागे पडून होती आणि भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता. ताईच्या मुलाला गेमिंग पीसी हवाय, ताईने साफ सांगितलंय की बारावी होईपर्यंत वीस हजाराच्या वर एक पैसा मिळणार नाही, तेवढ्यात फार तर ग्राफिक कार्ड येतं, तर म्हटलं बाकीचं यातून जमतंय का बघू.

मला वाटलं होतं एखादा साधा आय७ असेल. उघडलं तर आत ५९६०एक्स! इंटेलने हा ऑगस्ट २०१४ मध्ये काढला होता, घरगुती डेस्कटॉपसाठी आठ कोरचा (कोर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग) त्यांचा पहिला प्रोसेसर, डीडीआर४ रॅम घेणाऱ्या पहिल्या खेपेतला, किंमत तेव्हा ९९९ डॉलर. आठ कोर, सोळा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), २० एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), १४० वॉट, २०११-३ सॉकेट, एक्स९९ बोर्ड, रॅमकडे जायच्या वाटा म्हणजे चॅनेल चार. सोबत ४ जीबीच्या चार काड्या म्हणजे १६ जीबी, एक साटा एसएसडी, ७५० वॉटचा गोल्ड पॉवर सप्लाय. जुनं ग्राफिक कार्ड दादाने नव्या मशीनमध्ये हलवलंय.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो. २०१४ मध्ये कुणालाही विचारलं असतंत की गेमिंगसाठी हा घेऊ का, तर तो हसला असता. त्याच वर्षी जूनमध्ये आय७-४७९०के आला होता, किंमत जेमतेम तिसरा हिस्सा, चारच कोर पण ४ ते ४.४ गिगाहर्ट्झ, आणि गेमला तेव्हा चाराच्या वर कोर लागतच नव्हते. ५९६०एक्सचा बेस ३, एकदोन कोरवर काम असेल तर ३.५ पर्यंत जाणार आणि सगळे जुंपले की ३.३. म्हणजे तिप्पट पैसे देऊन हळू चालणारा. रेंडरवाल्यांसाठी होता तो, दादासारख्यांसाठी.

आज मात्र चार कोरवाला केव्हाच हाशहुश करत बसलाय आणि याचं काय होतं ते बघायचंय.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर सफाई. इंदूर स्वच्छतेत २०१७ पासून पहिलं येतंय खरं पण कचरागाडी काही केसच्या आत जात नाही. पुढच्या फॅनच्या जाळीवर धुळीची अक्षरशः गोधडी. ब्लोअर गच्चीवर नेऊन मारला, तरी आई खालून ओरडलीच.

कूलर जुना लिक्विड आहे, पंप चालू होताना गुळगुळ आवाज करतो आणि एक नळी दुसरीपेक्षा खूप गरम लागते, म्हणजे पाणी नीट फिरत नाहीये. हा जाणार. काढला तेव्हा खालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, आयसोप्रोपाइल टाकून कापसाने पुसत बसलो, पहिल्या चार बोळ्यांना तर नुसता राखाडी भुगा. या सॉकेटला दोन खटके आहेत आणि ते ठरलेल्या क्रमानेच उघडतात, कुठला आधी ते धातूवर कोरलेलंच असतं. कूलरचे स्क्रू थेट सॉकेटच्या चार कोपऱ्यांतल्या आट्यांत बसतात, मागे प्लेट लावायची भानगड नाही. असं सुटसुटीत काम साध्या बोर्डांवर कधी मिळालं नाही. आणि या पिढीत मोठ्या चिपचं झाकण इंटेलने सोल्डर केलेलं आहे, ४७९०के सारखी आत पेस्ट नाही, म्हणजे झाकण उघडायचा उद्योग करायचं कारणच नाही.

आता खरी गंमत. बोर्डावर रॅमचे आठ स्लॉट आहेत, चार डावीकडे चार उजवीकडे, आणि ज्या कुणी हा पीसी जोडला त्याने चारही काड्या एकाच बाजूला ठोकल्यात. म्हणजे चार चॅनेलची मशीन इतकी वर्षं दोनच चॅनेलवर चालली. त्या चार चॅनेलसाठी तर लोक हा प्लॅटफॉर्म घ्यायचे. एकाआड एक स्लॉटमध्ये लावल्या, सीपीयू-झेडमध्ये (हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) लगेच क्वाड म्हणजे चारही चॅनेल दिसले. दादाला अजून सांगितलेलं नाही, किती रात्री रेंडर बार बघत काढल्यात त्याने.

८ नोव्हेंबर, शनिवार

सिल्व्हर मॉल, इथलं कॉम्प्युटरचं मार्केट. भाच्याला घेऊन गेलो, आधी खायला छप्पन दुकानवर थांबावं लागलं ते वेगळं.

एअर कूलर लगेच मिळाला, डब्यावर २०११ लिहिलेलं बघून घेतला कारण नव्या कूलरांत बऱ्याचदा हे सॉकेट वगळलेलं असतं. कार्डवर मात्र तासभर घासाघीस. दुकानदार म्हणतो, "भिया, तीस सीरीज पुरानी हो गई, चालीस ले जाओ." पण आपला कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे आणि मुद्दा तिथेच आहे. एनव्हिडियाच्या ४०६० ला लेन (डेटा जायच्या वाटा) आठच, ४.० च्या बोर्डात त्या पुरतात, ३.० मध्ये त्यांचा वेग निम्मा होतो, एरवी फार फरक पडत नाही पण ८ जीबी मेमरी भरली आणि कार्ड सिस्टिम रॅमकडे हात पसरायला लागलं की तिथे अडतं. एएमडीच्या ६५०० एक्सटीला तर चारच लेन, ते जुन्या बोर्डात घेऊच नये. इंटेलचं आर्क स्वस्तात चांगलं आहे पण त्याला रीसाइजेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम दिसायची सोय) पाहिजे, ते आपल्या बायोसमध्ये म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये नाही. शेवटी एनव्हिडियाचंच सेकंडहँड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, पूर्ण सोळा लेनचं. दुकानातच अर्धा तास फरमार्क (कार्डाला पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवून घेतलं, फॅनचा आवाज ऐकला, मगच पैसे दिले.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर एएमडीपेक्षा सीपीयूचं डोकं जास्त खातो हे माहितीये, जुन्या प्रोसेसरवर ते दिसतं. तरी बजेटात सोळा लेन आणि १२ जीबी दुसऱ्या कशात मिळेना.

बाजूच्या दुकानात चिनी एक्स९९ बोर्ड आणि झिऑन ई५-२६८० व्ही४ या सर्व्हरच्या प्रोसेसरचा कॉम्बो लावून ठेवलाय, "चौदा कोर है भिया". चौदा आहेत खरे पण मल्टिप्लायर लॉक आहे म्हणजे वेग वाढवता येत नाही आणि टर्बो (आपोआप वाढणारा वेग) ३.३ च्या वर जात नाही. गेमला त्या चौदांचं काय लोणचं घालायचंय. त्यापेक्षा ई५-१६५० व्ही३ बरा, सहाच कोर पण ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिली मापं, सगळं स्टॉकवर म्हणजे कंपनीच्या मूळ वेगावर, १०८०पी. आकडे दाखवायला आफ्टरबर्नर स्क्रीनवर आणि कॅपफ्रेमएक्स मागे रेकॉर्डिंगला. नुसती सरासरी बघायची नाही असं ठरवलंय, सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम काय म्हणतात ते बघायचं, कारण हाताला झटका बसतो तो त्यांचाच.

सायबरपंक २०७७: सरासरी सेकंदाला साठीच्या जवळ फ्रेम, वाळवंटात गाडी चालवताना कार्ड ९७-९८ टक्के म्हणजे सगळं छान. बाजारपेठेच्या गल्लीत गर्दी हाय ठेवून शिरलो तर कार्ड पंच्याहत्तर टक्क्यांवर घसरलं, एक टक्का फ्रेम चाळिशीच्या खाली. तिथेच रेझोल्यूशन ७२०पी केलं, आकडा हलला नाही. म्हणजे शंभर टक्के सीपीयू अडवतोय. भाचा म्हणाला, "मामा डीएलएसएस लाव ना." लावलं. काहीच नाही. डीएलएसएस कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवतं, त्याने कार्डाचं ओझं कमी होतं, इथे कार्ड आधीच रिकामं बसलंय. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून दाखवणं) लावलं तर अजून खाली, कारण किरणांसाठी सीनचा जो नकाशा सारखा बांधावा लागतो त्याचं बरंच काम सीपीयूच्या गळ्यात पडतं.

या एकाच गेमच्या डब्यावरून काळ कसा पालटला ते कळतं. २०२० मध्ये आला तेव्हा लागणाऱ्या प्रोसेसरच्या शिफारशीत आय७-४७९० लिहिलेला होता. २०२३ मध्ये कंपनीने यादी बदलली, त्यात किमानच आय७-६७०० झाला आणि शिफारशीत १२७००. तीन वर्षांत शिफारसवाला किमानच्याही खाली.

काउंटर-स्ट्राइक २: सरासरी दीडशेच्या आगेमागे दाखवते पण धूर फुटला आणि सगळे एका ठिकाणी आले की सत्तरच्या खाली. सिटीज स्कायलाइन्स २ मध्ये उलट चित्र, ती सगळे कोर वापरते, सोळाही थ्रेड हिरवेगार, शहर मोठं झालं तरी बऱ्यापैकी चाललं. लास्ट ऑफ अस पार्ट वन सुरुवातीला शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम) बांधत बसते, त्यातही आठ कोर कामी आले, चहा करून येईपर्यंत बरंच पुढे गेलं होतं. खेळायला लागल्यावर मात्र सगळे कोर ऐंशीच्या पुढे.

रात्री विचार करत होतो की हे असं का. २०१३ च्या कन्सोलमध्ये, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये, आठ जॅग्वार कोर होते, टॅब्लेटच्या लायकीचे, १.६ गिगाहर्ट्झच्या आसपास. सगळ्या मोठ्या गेम्स त्या मापाने शिवल्या जायच्या, म्हणून डेस्कटॉपचा कुठलाही बरा आय७ सात-आठ वर्षं आरामात निघाला. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं, त्यात एएमडीच्या झेन २ चे आठ कोर ३.५ वर. पायाच उचलला गेला. कोर मोजले तर ५९६०एक्स त्याच्या बरोबरीचा, थ्रेडही सोळा, म्हणून चार कोरवाल्यांसारखा तो ढेपाळत नाही, एकेक कोर मात्र जुना आणि स्टॉकला घड्याळही हळू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ओव्हरक्लॉक. वेग वाढवता येणारं एक्स मॉडेल असून दादाने कधी बायोसला हात लावला नव्हता, बरोबरच आहे म्हणा, लग्नाच्या सीझनमध्ये मशीन हँग झाली तर नवरीकडचे सोडतील का.

४.२ गिगाहर्ट्झ सगळ्या कोरवर, १.२ व्होल्टच्या जरा वर, विनातक्रार. ४.४ ला १.३ मागतो आणि तापमान एकदम वर जातं, सोडून दिलं. ३.३ वरून ४.२ म्हणजे साधारण २७ टक्के, आजच्या प्रोसेसरमध्ये एवढी उडी कुठे मिळते, नवे तर दुकानातूनच पिळून काढलेले येतात.

पण खरा माल दुसरीकडे निघाला. या चिपमध्ये कॅशे आणि कोरांना जोडणारी जी रिंग आहे तिचं घड्याळ वेगळं असतं, बायोसमध्ये कॅशे रेशो म्हणून दिसतं, स्टॉकला तीनच्या आसपास. लोक कोर वाढवतात आणि ही तशीच सोडतात. ती ३.६ केली, रॅम २१३३ वरून २६६६ केली, टायमिंग थोडे घट्ट. गेमला रॅमकडून ढीगभर डेटा नको असतो, थोडासाच पण झटपट पाहिजे असतो, त्यामुळे चार चॅनेलच्या रुंदीपेक्षा रिंगचा वेग जास्त कामाला येतो. काड्या क्वाडमध्ये लावल्यावर गेमात फार काही दिसलं नव्हतं, इथे दिसलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

तीच गल्ली, तोच सेव्ह. सायबरपंकच्या एक टक्का फ्रेम आता पन्नाशीजवळ, कार्ड नव्वदच्या वर. काउंटर-स्ट्राइकमध्ये धुरातला खड्डा नव्वदीपर्यंत भरला. भाच्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, त्यावर फरक कुणालाही दिसेल.

तापमान गेममध्ये पासष्टच्या आसपास, सिनेबेंचमध्ये (सगळे कोर ताणणारी चाचणी) ऐंशी. छान वाटतंय पण आत्ता खोली बावीस अंशांवर आहे. मे महिन्यात दुपारी हीच खोली चाळीसला टेकते, म्हणजे आकड्यांत सरळ अठरा मिळवायचे. सिनेबेंचला तेव्हा ऐंशीचे अठ्ठ्याण्णव होतील. म्हणून उन्हाळ्यासाठी बायोसमध्ये ३.९ चं दुसरं प्रोफाइल सेव्ह करून ठेवलं, एप्रिल लागला की ते टाकायचं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज खरा अडथळा आला आणि त्याचा वेगाशी काही संबंध नाही.

भाच्याच्या ग्रुपमध्ये सगळे बॅटलफिल्ड ६ खेळतायत, ती गेल्या महिन्यात आली. तिला सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी प्रोग्राम अडवणारी सोय) पाहिजे आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) पाहिजे, दोन्ही चालू, नाहीतर आत घेत नाही. सिक्युअर बूट जमलं: विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर होतं, एमबीआर२जीपीटीने नव्या पद्धतीत बदललं, बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) बंद केला, डेटा जागच्या जागी. टीपीएमपाशी गाडी अडली. नव्या प्रोसेसरांत ते फर्मवेअरमध्येच असतं, आपल्या बायोसमध्ये पीटीटीचा (इंटेलचं फर्मवेअरमधलं टीपीएम) पर्यायच नाही. बोर्डावर हेडर आहे, त्यात मॉड्यूल बसतं, पण पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी आणि त्या काळचे बरेच मॉड्यूल १.२ चे. सिल्व्हर मॉलमध्ये विचारलं तर पोरगा म्हणाला, "वो तो लॅपटॉप में आता है ना?" जेल रोडवर मोबाईलवाल्यांना विचारण्यात अर्थ नव्हता तरी विचारलं.

विंडोज ११ चंही तेच. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, हा त्याच्या कितीतरी आधीचा. रूफस या प्रोग्रामने इन्स्टॉल करताना तपासणी गाळून टाकता येते, चालतंही, पण व्हॅलोरंट ही गेम ११ वर टीपीएम मागतेच, १० वर मागत नाही. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून घेतली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. लिनक्स टाकायचा विचार आला आणि गेला, असल्या अँटीचीटवाल्या (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर लावणाऱ्या) गेम्स तिथे चालत नाहीत आणि भाच्याला नेमक्या त्याच खेळायच्यात.

भाचा दिवसभर तोंड पाडून बसला. आठ कोर, सोळा थ्रेड, १२ जीबीचं कार्ड, आणि दारावरचा वॉचमन म्हणतोय ओळखपत्र दाखवा.

३० नोव्हेंबर, रविवार

वीज. भिंतीच्या सॉकेटला मीटर लावून बघितलं, नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला तरी ऐंशीच्या वर वॉट, गेममध्ये सव्वातीनशेच्या आसपास. ताईकडचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॉट, त्यात मॉनिटर मिळवला की तो टूं टूं करायला लागतो. ताईच्या सुदामा नगरात लाइट फार जात नाही पण जाते तेव्हा नेमकी रँक्ड मॅच चालू असते असं भाच्याचं म्हणणं.

७ डिसेंबर, रविवार

ऑफिसमधल्या मित्राने त्याची मशीन एका दिवसासाठी दिली, रायझन ५ ५६००, २०२२ चा, सहा कोर, ६५ वॉट, ३२ एमबी एल३. आमचं ३०६० काढून त्यात लावलं, तेच गेम तेच सेव्ह.

सायबरपंकच्या वाळवंटात काडीचा फरक नाही. १४४०पी वर दोघं जुळे भाऊ, तिथे सगळं कार्डावर असतं. गल्लीत मात्र त्याच्या एक टक्का फ्रेम साठीजवळ, तेही ओव्हरक्लॉक न करता. काउंटर-स्ट्राइकमध्ये तर लाजच निघाली, आपली सरासरी जिथे संपते तिथे त्याचे सगळ्यात वाईट क्षण सुरू होतात. सिटीजमध्ये तेवढा आपला म्हातारा खांद्याला खांदा लावून उभा राहिला. आणि मित्राची मशीन भिंतीवर शंभरेक वॉट कमी खाते, यूपीएसने चूं केलं नाही.

माझं मत आता पक्कं झालंय. फुकट मिळालेला ५९६०एक्स ठेवावा, रिंग आणि रॅम वाढवावी, सिंगल प्लेअर गेम साठच्या आसपास मजेत खेळाव्यात. पैसे देऊन हा प्लॅटफॉर्म आज घेऊ नये, बोर्ड गेला तर बदली तसाच सेकंडहँड किंवा चिनी. दादाचा नुसता प्रोसेसर विकायचा म्हटला तर जे येतील त्यात चार दिवसांचे पोहे-जिलबी होतील. वेगात तर चार कोरवाला आय३-१२१००एफ सुद्धा बऱ्याच गेम्समध्ये याच्या पुढे जातो.

भाच्याला १४४ हर्ट्झचा मॉनिटर हवाय. त्याला म्हटलं त्यापेक्षा १४४०पी चा ७५ किंवा १०० हर्ट्झवाला बघ, रेझोल्यूशन वाढलं की काम कार्डाकडे सरकतं आणि सीपीयूला श्वास मिळतो, हर्ट्झ वाढवले की सगळा भार पुन्हा याच्याच बोडक्यावर. पटलं नाही त्याला. ग्रुपमध्ये सगळ्यांकडे १४४ आहे म्हणे.

१३ डिसेंबर, शनिवार

मशीन ताईकडे पोचवली. फ्रेम सेकंदाला ७२ वर बांधून टाकल्या, ७५ च्या मॉनिटरला तेवढ्या पुरतात आणि वॉटही उतरले, सायबरपंकमध्ये यूपीएस आता गप्प आहे. गर्दी मीडियम, रे ट्रेसिंग बंद. रॅम ३२ करायची होती पण महिनाभरात भाव असे चढलेत की दुकानदारानेच सांगितलं थांबा, तर १६ वरच सोडलं, ब्राउझर बंद करून खेळ म्हटलं.

टीपीएम मॉड्यूलसाठी बोर्डाच्या मॅन्युअलमधला पिनांचा फोटो दादाला पाठवलाय, त्याचा एक ओळखीचा मुंबईला लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जातो. सोबत रॅमच्या काड्यांची गोष्टही सांगून टाकली. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.